शेऱ्याचा रकाना

"कसं चाललंय काम?" असं कुणी विचारलं की मराठी माणसाचं एक उत्तर ठरलेलं असतं. "चाललंय. पाट्या टाकतोय." हे सांगताना कुणी रडकुंडीला आलेलं नसतं, उलट बहुतेक जण हसूनच सांगतात. ऐकणाराही "सगळीकडे तेच" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. मीही हे उत्तर बरीच वर्षं दिलं. एकदा लिफ्टची वाट बघताना सहज मनात आलं, की हे म्हणताना आपण नेमकी कशाची कुरकुर करत असतो? कष्टांची तर नक्कीच नाही.

पाटी डोक्यावर घ्यायची, नेऊन ओतायची, रिकामी घेऊन परत यायचं. खणणारा वेगळा, भरून देणारा वेगळा, आणि त्या मातीचं पुढे काय करायचं हे ठरवणारा तर तिथे नसतोच. पाट्या मोजल्या की हजेरी लागली. खरं तर जे लोक सचोटीने पाट्या वाहतात त्यांच्यावर हा वाक्प्रचार अन्यायच करतो. त्यांना निदान संध्याकाळपर्यंत वाढलेला ढीग दिसतो. सकाळी इथे खड्डा होता, आता नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. टेबलाशी बसून पाट्या टाकणाऱ्याच्या नशिबी तेवढंही नसतं. सकाळी इनबॉक्समध्ये ४० पत्रं असतात. दिवसभर मान मोडून काम केल्यावर संध्याकाळी ती ४२ झालेली असतात.

पाट्या मोजण्याचं शास्त्र मात्र चांगलंच जुनं आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १९११ साली एक पुस्तक लिहिलं, त्यात पोलादाच्या कारखान्यातल्या हमालांची गोष्ट आहे. कच्च्या लोखंडाच्या ९२ पौंडी लाद्या उचलून रेल्वेच्या वाघिणीत टाकायच्या. माणशी रोज साडेबारा टन माल भरला जायचा. टेलरने एक धट्टाकट्टा गडी निवडला, कधी उचलायचं, कधी बसायचं हे त्याच्यामागे उभं राहून सांगायला माणूस ठेवला, मजुरी सुमारे ६० टक्क्यांनी वाढवून दिली, आणि आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की यातले बरेच तपशील टेलरने रंगवून सांगितले होते. पण तोवर गोष्ट जगभर पोहोचली होती. आजही 'उत्पादकता' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी तो लादी उचलणारा माणूस येतो आणि त्याच्यामागे घड्याळ धरून उभा असलेला दुसरा.

माझं काम तक्रारींचं. म्हणजे करण्याचं नव्हे, वाचण्याचं. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत लोकांच्या तक्रारी यायच्या. त्या वाचायच्या, तक्रार कोणत्या प्रकारात मोडते ते ठरवून कोड टाकायचा, आणि शेवटच्या रकान्यात दोन ओळींचा शेरा लिहायचा. कोड टाकायला दहा सेकंद लागत. शेऱ्याला वेळ लागे. "यंत्र बंद पडत नाही, फक्त आवाज करतं, पण घरात तान्हं मूल आहे, म्हणून तातडी." किंवा "तिसऱ्यांदा लिहितात. पहिली दोन उत्तरं एकसारखीच गेली आहेत, आता तेच पाठवू नये." असं काहीबाही. सांगायला हरकत नाही, मला माझ्या शेऱ्यांचा अभिमान होता. माणसाची अख्खी चिडचिड दोन ओळींत बसवायची म्हणजे थोडी कारागिरी लागते. कधी एखादा शब्द खोडून दुसरा घालत मी पाच-पाच मिनिटं बसायचे.

तीन वर्षं हे असं चाललं. मग एका बैठकीत वरच्या कार्यालयातून आलेल्या एका गृहस्थांनी आमचीच फाइल पडद्यावर उघडली. मी रकान्यांवरची अक्षरं बघत होते. एफ, जी, एच, आणि मग एकदम जे. मधला आय, म्हणजे माझा शेऱ्याचा रकाना, नाही.

बैठक संपल्यावर मी विचारलं. ते अगदी सरळपणे म्हणाले, "तो रकाना फार रुंद होतो हो, छापताना पानावर मावत नाही. म्हणून पहिल्यापासून लपवूनच ठेवलाय."

त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. कुणी अपमान केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. इथे प्रश्न पानाच्या रुंदीचा होता.

यानंतर जे झालं तेच मला खरं सांगायचं आहे. मी शेरे लिहिणं थांबवलं नाही. नुसतं 'नेहमीप्रमाणे' लिहायला लागले. मग 'वरीलप्रमाणे'. पुढे पुढे नुसती टिंबं. आधी दिवसाला ५०-५५ तक्रारी हातावेगळ्या व्हायच्या, त्या आता ८० व्हायला लागल्या. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'उत्पादकतेत लक्षणीय वाढ' असं आलं. आणि त्याच वर्षी मला रविवारी संध्याकाळपासून पोटात कसंतरी व्हायला लागलं. काम निम्म्याने सोपं झालेलं, कौतुक झालेलं, तरी घरी येताना पूर्वीपेक्षा जास्त थकलेली असायचे. थकवा कामाच्या प्रमाणात येतो असं मी तोवर धरून चालले होते.

पुढे कधीतरी डॅन एरिएली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेला एक प्रयोग वाचनात आला. लोकांना लेगोचे छोटे यंत्रमानव जोडायला दिले होते. एक जोडला की ठरलेले पैसे, पुढच्याला थोडे कमी, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. वाटेल तेव्हा थांबायची मुभा. एका गटात जोडलेले यंत्रमानव टेबलावर ओळीने मांडून ठेवले जात. दुसऱ्या गटात माणूस पुढचा जोडत असतानाच आधीचा त्याच्या डोळ्यांदेखत सुटा केला जाई आणि तेच तुकडे पुन्हा त्याच्या हातात येत. पहिल्या गटाने सरासरी १०.६ जोडले, दुसऱ्याने ७.२. मजुरी तीच, काम तेच.

पण मला खरा धक्का दिला तो याच अभ्यासातल्या दुसऱ्या भागाने. तिथे कागदावरच्या अक्षरांतून जोड्या शोधायच्या होत्या. काहींचा कागद तपासनीस वरून खालपर्यंत बघून, मान हलवून, बाजूला ठेवायचा. काहींचा कागद न बघताच ढिगात टाकायचा. आणि काहींचा थेट कागद फाडणाऱ्या यंत्रात. आता ज्याचा कागद डोळ्यांदेखत फाडला जातो तो लवकर कंटाळणार, हे उघडच आहे. पण ज्यांच्या कागदाकडे नुसतं बघितलं नाही, तेही जवळपास तितक्याच लवकर काम सोडून उठले. मान हलवायला किती वेळ लागतो? आणि ती न हलवणं हे काम फाडून टाकण्याच्या इतकं जवळ असतं? मला तो लपवलेला रकाना आठवला आणि पहिल्यांदाच वाटलं, की आपण हळवेपणा करत नव्हतो.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. माझंच काम, तोच कोड, तोच रकाना. लपवल्याचं मी त्यांना तावातावाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत होतं की." मी अवाक्. मग तुम्ही शेरे का लिहिता? तर म्हणाले, "मला लागतात म्हणून." आणि खणातून एक वही काढून दाखवली. एकाच तुकडीतल्या यंत्रांबद्दल तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की ते ती वहीत उतरवायचे, आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत स्वतः उठून दुरुस्ती विभागात जायचे. तिथल्या कारागिरांशी त्यांची दोस्ती होती. "अरे, तुमचा तो झाकणाचा स्क्रू पुन्हा सैल निघतोय बघ." कधी त्यावर काही व्हायचं, बरेचदा नाही व्हायचं. पण वर्षातून दोन-चार वेळा एखादी तक्रार यायचीच बंद व्हायची. त्या पानावर काका आडवी रेघ मारायचे. तेवढाच त्यांचा ढीग.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि याचे गुण मूल्यमापनात मिळत नव्हते. एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या दोन संशोधक बाईंनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून नेमकं असंच काही टिपून ठेवलं आहे. पद तेच, कामांची यादी तीच. काही जणांच्या लेखी काम म्हणजे फरशी आणि कचरा. दुसरे काही रुग्णांशी दोन शब्द बोलणं, नातेवाइकांना वाट दाखवणं हाही आपल्या कामाचाच भाग धरत. रेझ्नेव्स्की अशा एका बाईंची गोष्ट सांगतात, की बेशुद्ध रुग्णांच्या वॉर्डात त्या भिंतीवरची चित्रं अधूनमधून इकडची तिकडे लावायच्या. त्या रुग्णांना काही कळत असेल तर थोडा बदल बरा वाटेल, म्हणून. २००१ साली या दोघींनी या प्रकाराला नावही दिलं. आपण त्याला 'काम आपल्या मापाचं शिवून घेणं' म्हणू.

इथे मला स्वतःलाच थोडं अडवायचं आहे. कारण या गोष्टीचा पुढे फार गैरवापर होतो. 'नोकरी बदलता येत नसेल तर नजर बदला' असं सांगणाऱ्यांची नोकरी बहुतेक वेळा चांगली असते. पगार वेळेवर होत नसेल, वरिष्ठ चारचौघांत पाणउतारा करत असतील, बारा-बारा तास खुर्ची सुटत नसेल, तर वहीत रेघा मारून काही होत नाही. तिथे भांडायचं असतं किंवा सोडायचं असतं. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून एक साधी गोष्ट मांडली होती. पगार, नियम, देखरेख, बसायची जागा या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमतो असं नाही. नाराजी जाणं आणि आनंद येणं ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांच्या पद्धतीवर पुढे खूप टीका झाली. मला मात्र ही दोन खात्यांची कल्पना अनुभवाला पटते. माझ्या नोकरीत नाराज व्हावं असं जवळपास काहीच नव्हतं. खुर्चीसुद्धा उत्तम होती.

कामातला आनंद हल्ली फार मोठा विषय झाला आहे आणि त्याला कारणही आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरमधल्या सुमारे १,८०० लोकांचा सहा महिने अभ्यास केला. आठवड्यातून एकदा ईमेलवर पाच चेहरे यायचे, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातला आपला निवडायचा. ज्या आठवड्यात लोक आनंदात, त्या आठवड्यात त्यांची विक्री सुमारे १३ टक्क्यांनी जास्त. ते जास्त तास बसत नव्हते. त्याच वेळात फोन भराभर होत आणि त्यातून विक्रीही जास्त जमत असे. मनःस्थितीवर खिडकीबाहेरच्या हवेचाही परिणाम दिसला, म्हणजे खिडकी असली तर.

हा आकडा आमच्याकडे कुणीतरी वाचला असावा, कारण लवकरच 'आनंदी शुक्रवार' सुरू झाला. फुगे, संगीतखुर्ची, टोप्या. संगीतखुर्चीत मी दोनदा जिंकले, म्हणजे मी अगदीच तुसडी नाही. पण तासाभराने खुर्च्या जागेवर लावून आम्ही परत त्याच फायलीसमोर बसायचो, आणि रकाना लपवलेलाच असायचा. शिवाय काकांचा दुरुस्ती विभागात जायचा वार नेमका शुक्रवार. त्या वेळेत हजेरी सक्तीची झाल्यावर ते वैतागले. पुढे त्यांनी आपला वार बदलून गुरुवार करून घेतला.

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी या आनंदाचा उगम फार चिकाटीने शोधला. ७ कंपन्यांतल्या २६ गटांतले २३८ लोक रोज संध्याकाळी त्यांना त्या दिवसाची छोटी नोंद लिहून पाठवत. अशा जवळपास १२,००० नोंदी जमल्या. सगळ्यांत चांगल्या मनःस्थितीचे दिवस वेगळे काढले, तर त्यांतल्या ७६ टक्के दिवशी काम थोडं तरी पुढे सरकलेलं होतं. फार मोठं काही नाही. अडलेली एक चूक सापडली, एक भाग पूर्ण झाला, इतकंच. गंमत म्हणजे माणसाला कामाला काय लावतं असं त्यांनी शेकडो व्यवस्थापकांना विचारलं, तेव्हा यादीत 'काम पुढे सरकणं' सर्वांत खाली आलं. घड्याळ धरून मागे उभं राहिलं की समोरच्याची पाठ तेवढी दिसते.

लक्ष विचलित होण्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी फार लांबवत नाही. एकच सांगते. ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या अभ्यासात मधे मधे व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं. मात्र २० मिनिटांतच त्यांच्यावरचा ताण आणि वैताग लक्षणीय वाढलेला होता. हे वाचून मला माझं ८० तक्रारींचं वर्ष आठवलं. आकडा बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं.

काकांची आणखी एक सवय होती आणि तीच मी सगळ्यांत आधी उचलली. घरी निघायच्या दहा मिनिटं आधी ते एका चिठ्ठीवर दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम लिहायचे आणि ती कीबोर्डखाली सरकवायचे. यादी नाही, एकच काम, पण नीट लिहिलेलं. 'जुन्या तक्रारी बघणे' असं नाही; 'मंगळवारच्या ढिगातल्या वरच्या तीन, कारण दोन एकाच गल्लीतल्या आहेत' असं. मला आधी हा म्हातारपणीचा विसराळूपणा वाटला होता.

त्यामागचं कारण मी नंतर वाचलं. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली बर्लिनमध्ये दाखवलं होतं, की अर्धवट सोडायला लावलेली कामं लोकांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसं सापडलं नाही, पण रात्री अंथरुणात उघड्या राहिलेल्या फायली मोजणाऱ्या माणसाला पुराव्याची फार गरज नसते. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर यांनी त्यात एक भर घातली, ती मला जास्त कामाची वाटते. डोक्यातली टोचणी थांबायला काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. ते कधी, कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. काका चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवून घरी जाताना शीळ घालायचे. मी तेव्हा जिना उतरताना फोनवर आणखी दोन ईमेलना उत्तरं देत असायचे.

मग मीही चिठ्ठी लिहायला लागले, आणि हळूहळू शेरेही. 'वरीलप्रमाणे' पासून परत माणसांत यायला चार-पाच महिने लागले. एकदा गेलेली सवय हाताला लगेच येत नाही. माझ्या प्रतीत मी आय रकाना उघडा ठेवला, आणि काकांसारखी वही घातली. दुरुस्ती विभागात जायचा मला संकोच वाटायचा, म्हणून पहिल्या काही वेळा त्यांच्याच मागे मागे गेले. तिथे एकाने माझी नोंद वाचून "हो ना, हा आवाज आम्हालाही येतो" असं म्हटलं, तेव्हा मला किती बरं वाटलं हे इथे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. तक्रारी दिवसाला ६० वर स्थिरावल्या. पुढच्या मूल्यमापनात 'उत्पादकतेत किंचित घट' आली. रविवारच्या संध्याकाळी सगळ्याच सुधारल्या असंही नाही. काही अजून तशाच जातात.

काका निवृत्त झाले त्या दिवशी भाषणं झाली, हार झाले, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवर नवीन मुलगा बसला. अकराच्या सुमारास तो माझ्याकडे आला. हातात एक चिठ्ठी.

"ताई, हे कीबोर्डखाली होतं. टाकून देऊ का?"

काकांचंच अक्षर. हार घालायला खाली बोलावण्याआधीच्या त्या दहा मिनिटांत, सवयीने, लिहिलेली. '३१२ नंबरला फोन करणे. सकाळी करू नये, ते रात्रपाळीला असतात, झोपलेले असतील.'

मी फाइलमध्ये ३१२ नंबर काढला. मग घड्याळ बघितलं, चिठ्ठी माझ्या कीबोर्डखाली सरकवली आणि दुपारी चार वाजता फोन लावला.